प्रसूतितज्ज्ञ कुलगुरू

एमबीबीएस करणाऱ्या विद्यार्थ्याला मुदलियार हे नाव दोन वेगवेगळ्या विषयांत भेटते. ‘पीएसएम’ म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात भोर समितीच्या पाठोपाठ मुदलियार समिती येते आणि तिच्या शिफारशी परीक्षेसाठी चार-पाच मुद्द्यांत पाठ केल्या जातात. पुढे प्रसूतिशास्त्राचा अभ्यास सुरू झाला की मुदलियार आणि मेनन यांचे जाडजूड पाठ्यपुस्तक हाती पडते. हे दोन्ही मुदलियार एकच, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. त्यांची तिसरी ओळख तर आपल्याकडे जवळजवळ कुणाला नाही. हे डॉक्टर १९४२ ते १९६९ अशी सलग २७ वर्षे मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्याच कारकिर्दीत त्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून प्रथिनांच्या रचनेविषयीचे असे संशोधन बाहेर पडले, ज्याच्याशिवाय आजही जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेचे पान हलत नाही.

डॉ. अर्काट लक्ष्मणस्वामी मुदलियार यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८८७ रोजी आजच्या आंध्र प्रदेशातल्या कर्नूलचा. ते जुळ्यांपैकी धाकटे. थोरल्याचे नाव रामस्वामी, म्हणून धाकट्याचे लक्ष्मणस्वामी. राम वकिलीकडे आणि पुढे राजकारणाकडे गेले, म्हैसूर संस्थानाचे दिवाण झाले. लक्ष्मणांनी मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकून मग मद्रास मेडिकल कॉलेजचा रस्ता धरला. तिथेच ते पुढे प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. एग्मोरच्या सरकारी स्त्री-बाल रुग्णालयात त्यांनी वर्षानुवर्षे बाळंतपणे केली आणि शिकवली.

तो काळ आज कल्पनेतही नीट उतरत नाही. प्रतिजैविके नव्हती, रक्तपेढ्या नव्हत्या. बाळंतज्वर, झटके, रक्तस्राव आणि पंडुरोग या चार कारणांनी धडधाकट तरुण बायका दोन-चार दिवसांत जात. घरात बाळ रडत असे आणि आई नसे. बहुतेक घरांत याला नशीब म्हणत. मुदलियारांनी १९३० च्या दशकात मद्रास शहरातल्या मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी करून सरकारला अहवाल दिला. आज प्रत्येक जिल्ह्यात मातामृत्यूचे ‘ऑडिट’ होते. बाई का गेली, कुठे उशीर झाला, याचा माग काढला जातो. त्या काळी असा हिशेब मांडणे हीच मोठी गोष्ट होती. एखादा मृत्यू नशिबाने झाला असे म्हटले की पुढे करण्यासारखे काही उरत नाही. तो कारणाने झाला असे म्हटले की कुणाला तरी काहीतरी करावे लागते. प्रसूतिगृहातली ही शिस्त ते पुढे विद्यापीठात आणि सरकारी समित्यांतही घेऊन गेले.

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ मध्ये ते कुलगुरू झाले. त्या वर्षी एप्रिलमध्ये जपानी हल्ल्याच्या भीतीने मद्रास शहर निम्मेअधिक रिकामे झाले होते. मद्रास विद्यापीठ हे मुंबई आणि कलकत्ता विद्यापीठांचे समवयस्क, तिघांचीही स्थापना १८५७ ची. ही विद्यापीठे मुख्यतः परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी. संशोधनाचे विभाग होते, पण त्यांचा जीव लहान. कुलगुरूपद मानाचे, आणि मानाच्या पदावर बसून काही न करणे सहज शक्य होते.

मुदलियारांनी पहिला हात घातला तो तंत्रशिक्षणाला. अळगप्पा चेट्टियार या व्यापाऱ्याच्या देणगीतून १९४४ मध्ये विद्यापीठाचे स्वतःचे तंत्रज्ञान महाविद्यालय उभे राहिले. आज ते अण्णा विद्यापीठाचा भाग आहे. १९४७ मध्ये एका सभेत मुदलियारांनी धनिकांना आवाहन केले, की मागास जिल्ह्यांत महाविद्यालये काढा. तेच चेट्टियार सभेत होते, आणि त्याच वर्षी कारैकुडी या त्यांच्या भागातल्या गावी महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्याच गावात विद्युत-रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा आली आणि अळगप्पांच्या नावाचे विद्यापीठही झाले. पैसा कुणाचा, जमीन कुणाची, शिक्षक कुठून आणायचे, याची सांगड घालणे हे कुलगुरूचे काम आहे असे मुदलियार मानत. त्यांच्या आधी अनेकांनी ते कारकुनांवर सोडले होते.

त्यांची खरी परीक्षा मात्र माणसे निवडण्यात झाली.

१९५२ मध्ये विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागासाठी प्रमुख हवा होता. बंगळुरूहून सर सी. व्ही. रामन यांनी आपल्या एका शिष्याचे नाव सुचवले. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन, वय जेमतेम तीस. विभागप्रमुखाच्या खुर्चीसाठी हे वय आपल्याकडे आजही कच्चे समजले जाते. ज्येष्ठतेच्या यादीत बसणारी माणसे अशा वेळी नेहमीच असतात. मुदलियारांनी रामचंद्रन यांना नेमले आणि क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना शोधण्याची प्रयोगशाळा उभारायला पाठबळ दिले.

थोड्याच काळात इंग्लंडचे नामवंत शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले. त्यांच्याशी बोलताना विषय निघाला कोलॅजेनचा. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश वाटा एकट्या कोलॅजेनचा असतो. त्वचा, हाडे, कूर्चा, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळ्यांचा ताणा-बाणा त्याचाच. तरीही त्याचा रेणू नेमका कसा दिसतो हे कुणाला सांगता येत नव्हते. योगायोग असा, की विद्यापीठाच्या तंत्रज्ञान महाविद्यालयाला लागूनच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. कातडे म्हणजे कोलॅजेनच. हे सगळे एका आवारात जमणे हा निव्वळ योगायोग नव्हता. त्यामागे दहा वर्षांची मांडणी होती. नमुना म्हणून कांगारूच्या शेपटीतली कंडरा मिळवली गेली. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी तिच्यावर क्ष-किरण टाकून त्यांच्या विखुरण्याचे चित्र मिळवले आणि १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कोलॅजेनची रचना मांडली.

ही रचना म्हणजे तीन पेडांची वेणी. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळ घालून बसतात. पिळाच्या आतल्या बाजूला जागा इतकी अरुंद, की तिथे सगळ्यात लहान अमिनो आम्ल, म्हणजे ग्लायसिनच मावते. म्हणून साखळीतला दर तिसरा मणी ग्लायसिनचा. याचा अर्थ दवाखान्यात रोज दिसतो. काही मुलांची हाडे जराशा धक्क्याने मोडतात. त्या जन्मजात आजारात बहुधा याच ग्लायसिनच्या जागी दुसरे मोठे अमिनो आम्ल येऊन बसलेले असते आणि वेणीचा पिळ बिघडतो. ‘क’ जीवनसत्त्व कमी पडले की हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत, तेही वेणी पक्की बांधण्याचे रसायन अडल्यामुळे. प्रसूतितज्ज्ञाला याहून जवळचे उदाहरण सापडते. नऊ महिने घट्ट मिटलेले गर्भाशयाचे मुख बाळंतपणाआधी मऊ पडते, कारण तिथले कोलॅजेन शरीर स्वतःच सैल करते. मुदलियार ज्या मुखाची तपासणी आयुष्यभर बोटांनी करत आले, त्याची बांधणी रेणूच्या पातळीवर त्यांच्याच विद्यापीठात उलगडली गेली.

परदेशातून लगेच आक्षेप आले. डीएनएच्या रचनेमुळे जगप्रसिद्ध झालेले फ्रान्सिस क्रिक आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर रिच यांनी म्हटले, की मद्रासच्या प्रतिकृतीत काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात. हायड्रोजन बंधांच्या संख्येबाबत त्यांचा मुद्दा पुढे ग्राह्यही ठरला. तीन पेडांच्या वेणीची मूळ कल्पना मात्र टिकली. रामचंद्रन यांनी या वादातून एक मूलभूत प्रश्न उचलला. अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? प्रथिनांच्या साखळीत दर सांध्यावर दोन कोन असतात. त्यांतल्या कोणत्या जोड्या शक्य आणि कोणत्या अशक्य? सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासोबत कित्येक वर्षे आकडेमोड करून १९६३ मध्ये त्यांनी याचा नकाशाच प्रसिद्ध केला. तो ‘रामचंद्रन आलेख’ या नावाने ओळखला जातो. आज जगात कुठेही नव्या प्रथिनाची रचना निश्चित केली, मग ते करोना विषाणूचे असो की एखाद्या औषधाचे लक्ष्य असो, ती या आलेखावर तपासून पाहिली जाते.

या साऱ्यात कुलगुरूंनी एकही समीकरण सोडवले नाही. त्यांनी काय केले? भौतिकशास्त्राचा प्रमुख कंडरा आणि कातडे घेऊन का बसला आहे, असे विचारले नाही. पहिल्या मोठ्या प्रबंधावर इंग्लंडमधून टीका झाली तेव्हा हात आखडता घेतला नाही. १९५४ ते १९६३ ही नऊ वर्षे त्या प्रयोगशाळेला मिळाली. संशोधनात पैशाइतकीच दुर्मीळ गोष्ट म्हणजे वेळ, आणि वेळ देणे हे वरिष्ठाच्याच हातात असते. असेच पाठबळ वनस्पतिरोगतज्ज्ञ टी. एस. सदाशिवन यांना मिळाले, तत्त्वज्ञानाचे टी. एम. पी. महादेवन यांनाही मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९६० च्या दशकात देशभरातले निवडक विभाग प्रगत अभ्यास केंद्रे म्हणून मान्य केले, तेव्हा मद्रासचे हे तिन्ही विभाग त्यांत होते.

विद्यापीठ सांभाळत असतानाच मुदलियार देशाच्या आणि जगाच्या आरोग्यव्यवस्थेतही गुंतलेले होते. १९४३ मध्ये सरकारने नेमलेल्या भोर समितीचे ते सदस्य होते. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले, पुण्यात शिकलेले सनदी अधिकारी. १९४६ च्या या अहवालाने देशासमोर आरसा धरला. सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास, हजारी १६२ बालके वर्षाच्या आत दगावणारी, बाळंतपणाशी निगडित कारणांनी दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रियांचे मृत्यू. आजच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना याच अहवालातून आली.

त्याच १९४६ साली जुळ्या भावांची वाट एका अनोख्या जागी एकत्र आली. थोरले रामस्वामी संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. याच परिषदेने न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद बोलावली आणि २२ जुलै १९४६ रोजी ६१ देशांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेवर सह्या केल्या. या संघटनेच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्षपद पुढे तीन-चार वर्षांतच धाकट्या लक्ष्मणस्वामींकडे आले. १९६१ मध्ये जागतिक आरोग्य सभा नवी दिल्लीत भरली, तेव्हा तिचे अध्यक्षही तेच होते.

१९५२-५३ मध्ये त्यांनी माध्यमिक शिक्षण आयोगाचे नेतृत्व केले. बहुउद्देशीय शाळा, निव्वळ घोकंपट्टीवर न बेतलेल्या परीक्षा, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, या शिफारशी शिक्षणक्षेत्रात माहीत आहेत. त्याच अहवालात शाळकरी मुलांच्या नियमित वैद्यकीय तपासणीचाही आग्रह होता. मुलगा नापास का होतो, याचे उत्तर कधी कधी त्याच्या डोळ्यांत, कानांत किंवा हिमोग्लोबिनमध्ये असते, हे डॉक्टर असलेल्या अध्यक्षाला वेगळे सांगावे लागले नसेल.

१९५९ मध्ये ज्या समितीमुळे त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात गेले ती आरोग्य सर्वेक्षण व नियोजन समिती नेमली गेली. भोर अहवालानंतर काय झाले हे तपासून पुढची दिशा सांगणे, हे तिचे काम. समितीला दिसले ते असे. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडली जात होती, पण त्यांतून मिळणारी सेवा अपुरी होती. समितीने सांगितले, की नवी केंद्रे उघडण्याआधी आहेत ती नीट करा. एका केंद्राकडे ४०,००० पेक्षा जास्त लोकसंख्या देऊ नका. उपविभागीय आणि जिल्हा रुग्णालये बळकट करा, म्हणजे केंद्रातून पाठवलेल्या रुग्णाला तिथे तज्ज्ञ भेटेल. दर ५० लाख लोकसंख्येमागे एक वैद्यकीय महाविद्यालय हवे. प्रशासकीय सेवेच्या धर्तीवर अखिल भारतीय आरोग्य सेवा असावी.

वाचायला हे साधे वाटते, अमलात आणायला अवघड आहे. नव्या केंद्राच्या उद्घाटनाला फीत असते, कोनशिला असते. जुन्या केंद्रात भूलतज्ज्ञाचे पद भरले, प्रसूतिकक्षात पाणी आणले, रुग्णवाहिकेचे डिझेल वेळेवर मिळाले, तर त्याची कोनशिला कुठेच लागत नाही. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या आम्हा डॉक्टरांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. रात्री दोन वाजता रक्तस्राव होणारी बाई दोन ठिकाणांहून ‘रेफर’ होत होत तिसऱ्या ठिकाणी पोहोचते. त्या दोन्ही ठिकाणी इमारत असते, फलक असतो. नसते ते रक्त आणि शस्त्रक्रिया करणारे हात. मुदलियार समितीने ज्यावर बोट ठेवले ते हेच. मागच्या साठ वर्षांत मातामृत्यू खूप खाली आले, हे खरे आणि मोलाचे. कागदावरचा निकषही सुधारला. आता सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक केंद्र. पण आधी जुने बळकट, मग नवे, हा क्रम आपण क्वचितच पाळला. अखिल भारतीय आरोग्य सेवा तर अजूनही आलेली नाही.

विद्यापीठात मुदलियारांनी हा क्रम पाळला होता. एक माणूस निवडायचा, त्याला साधने द्यायची, तो स्थिर होईपर्यंत हलवायचे नाही. विभागांची संख्या त्यामागून आपोआप वाढते.

तरीही त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना एक बाजू झाकून ठेवता येत नाही. २७ वर्षे एकच माणूस सर्वोच्च पदावर असणे कुठल्याही सार्वजनिक संस्थेच्या प्रकृतीला मानवत नाही. निर्णय चांगले असले तरी ते त्या माणसाचे होतात, संस्थेचे होत नाहीत. हाताखालचे लोक विचार करण्याऐवजी वाट पाहायला शिकतात. पाठबळ द्यायचे की नाही, हे एका व्यक्तीच्या मर्जीवर राहते. आणि ती व्यक्ती गुणग्राहक निघाली तर तो संस्थेचा गुण नसतो, नशीब असते. ज्या शब्दाला मुदलियारांनी प्रसूतिगृहात नाकारले, तोच इथे मागच्या दाराने आत येतो. १९६९ मध्ये ते पायउतार झाले. पुढच्या दोन वर्षांतच रामचंद्रन यांनी मद्रास सोडले आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेणवीय जीवभौतिकीचा नवा विभाग उभा केला. देशाचे त्यात नुकसान झाले नाही. मद्रास विद्यापीठाचे झाले. सतरा-अठरा वर्षांत उभी राहिलेली गोष्ट तिच्या निर्मात्यासह निघून गेली. तिला धरून ठेवील अशी यंत्रणा २७ वर्षांत उभी राहू शकली असती.

ब्रिटिश काळात त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये पद्मभूषण आणि १९६३ मध्ये पद्मविभूषण दिले. १५ एप्रिल १९७४ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चेन्नईच्या तारामणी भागात मद्रास विद्यापीठाची मूलभूत वैद्यकशास्त्रांची पदव्युत्तर संस्था आज त्यांच्या नावाने चालते.

आपल्या राज्यात कुलगुरूंची निवड होते, वैद्यकीय महाविद्यालयांना अधिष्ठाते नेमले जातात, तेव्हा बातम्या येतात त्या नियुक्ती कुणाच्या शिफारशीने झाली याच्या. त्या व्यक्तीने आजवर कोणत्या तरुण सहकाऱ्याच्या मागे, तो अडचणीत असताना, किती वर्षे उभे राहून दाखवले, हे कुणी विचारत नाही. तिच्यानंतर ते काम चालू राहावे यासाठी कोणते नियम, कोणता निधी, कोणती पदे ती बांधून ठेवणार आहे, हेही विचारले जात नाही. पहिल्या प्रश्नावर लक्ष्मणस्वामी मुदलियार पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झाले. दुसरा प्रश्न त्यांच्याकडूनही सुटला नाही. निवड समित्यांनी उमेदवारांना हे दोन्ही प्रश्न विचारायला हवेत, आणि दुसरा तर आवर्जून.